‘मला परत त्या दारात नेऊ नका’ म्हणणाऱ्या सासूबाई

तासगाव तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. 2021च्या मे महिन्यात, दुसरी लाट जोरात असताना, त्यांच्या सासूबाईंच्या पोटात दुखू लागलं. यजमान पुण्यात अडकलेले, घरात या दोघी आणि दोन लहान मुलं. दवाखान्यात गेलं की कोरोना होतो या धास्तीनं ताई म्हणाल्या, ‘एक दिवस थांबून बघू.’ गावातल्या डॉक्टरांनी सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी दुखणं एकदम उतरलं, सासूबाईंनी चहाही घेतला. संध्याकाळी ताप, उलट्या आणि पोट फुगून टणक. गाडी करून सांगली गाठली. एका रुग्णालयानं ‘आधी रिपोर्ट आणा’ म्हणून परत पाठवलं, दुसऱ्यात खाट नव्हती, तिसऱ्यानं रात्री ऑपरेशन केलं. अपेंडिक्स फुटून पोटात पू पसरला होता. सासूबाई वाचल्या, पण टाके पिकले, जखम भरायला फार दिवस लागले आणि आता त्याच जागी हर्निया झाला आहे. फुगा वाढतो आहे, खोकलं की दुखतो. सर्जननं जाळी बसवून घ्यायला सांगितलं आहे. सासूबाई एकच म्हणतात, ‘मला परत त्या दारात नेऊ नका.’ कराडला दिलेल्या नणंदबाई चार माणसांत बोलून दाखवतात, ‘वहिनीनं थांबवलं म्हणून आईचं पोट फाडावं लागलं.’ यजमान गप्प बसतात. ताई विचारतात, ‘चूक माझीच होती. आता कोणत्या तोंडानं मी त्यांना ऑपरेशनचा आग्रह करू? आणि नाही केला आणि काही झालं, तर?’

ताई,

तुमच्या पत्रात एक जुना प्रश्न आहे आणि एक आजचा. जुन्याचा निकाल लागेपर्यंत आजच्याला हात लावायचा आपल्याला हक्क नाही, असं तुम्ही मनाशी धरून बसला आहात. सासूबाईंचा हर्निया तुमच्या घरातल्या निकालाची वाट बघणार नाही. तरीही आधी मे महिन्याबद्दलच बोलते, कारण ते बोलल्याशिवाय तुम्ही पुढचं मनावर घेणार नाही.

उशीर झाला, हे खरं आहे. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी ते नाकारणार नाही. अपेंडिक्स सुजल्यावर वेळेत काढलं तर बहुतेक वेळा छोट्या छेदावर भागतं. ते फुटलं की पू पोटात पसरतो, मग मधोमध मोठा छेद घेऊन पोट धुवावं लागतं, नळ्या ठेवाव्या लागतात. अशा मोठ्या छेदानंतर दहातल्या एकदोघांना पुढं त्या जागी हर्निया होतो. टाके पिकले असतील तर शक्यता आणखी वाढते. म्हणजे त्या तीन दिवसांपासून आजच्या फुग्यापर्यंत एक साखळी आहे, आणि नणंदबाईंना ती दिसते. फक्त त्या आणि तुम्ही दोघीही तिच्यातली एकच कडी मोजता आहात. बाकीच्या मोजू या.

तो महिना आठवा. 14 एप्रिलच्या रात्रीपासून राज्यभर निर्बंध लागले होते. 22 एप्रिलनंतर एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायला कारण दाखवावं लागत होतं, खासगी गाडीला ई-पास लागत होता. मे उजाडताच आपल्या जिल्ह्यात कडक टाळेबंदी आली. पोटात दुखणारा माणूस उचलायचा आणि मिरजेला न्यायचा, ही आपल्या भागाची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894मध्ये तिथं रुग्णालय काढलं, तेव्हापासून कर्नाटकातूनही माणसं तिकडं येतात. पण मिरजेचं शासकीय रुग्णालय 2020मध्ये साथीच्या सुरुवातीलाच कोविडसाठी राखून ठेवलं गेलं. ज्या दाराशी बिनदिक्कत जायचं, तेच दार भीतीचं झालं. त्यात रोज कुणाच्या तरी घरून ऑक्सिजनसाठी फोन येत होते. अशा वेळी पोटदुखीसाठी सासूला घेऊन बाहेर पडायचं की नाही, हे तुम्हाला एकटीला ठरवावं लागलं.

आणि तुमची भीती अडाणीपणाची नव्हती. 2020च्या मे महिन्यात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 24 देशांतल्या 1,128 रुग्णांचा अभ्यास छापून आला होता. ऑपरेशनच्या आसपास ज्यांना कोरोनाची लागण होती, त्यांतले 23.8 टक्के महिन्याभरात दगावले होते. जगभरचे सर्जन त्या आकड्यानं हादरले होते. या चित्राची दुसरी बाजू मात्र गावापर्यंत पोचली नाही: पोटात पू झाला तर तोही जीव घेतो, आणि त्याला घरात बसून उपाय नाही. ‘घरी राहा’ हे आपल्याला फोन लावला तरी ऐकू येत होतं. ‘पोट टणक झालं तर घरी राहू नका’ हे तितक्या जोरात कुणी सांगितलं नाही. त्या काळात देशोदेशी हेच दिसलं. पोटाच्या तातडीच्या तक्रारी घेऊन येणारे रुग्ण कमी झाले, आणि आले त्यांच्यात अपेंडिक्स फुटलेल्यांचं प्रमाण वाढलं. मी तेव्हा एका रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम करत होते. कॅज्युअल्टीत उशिरा आलेली पोटदुखीची माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याबरोबर आलेल्या प्रत्येक माणसाला वाटत होतं की आपल्या एकट्याच्याच घरात हे घडलं.

गावातल्या डॉक्टरांवरही नणंदबाईंचा राग आहे असं लिहिलं आहे. अँटिबायोटिक देऊन अपेंडिक्सवर उपचार करणं ही काही त्यांची मनची गोष्ट नव्हती. ऑक्टोबर 2020मध्ये अमेरिकेतला 1,552 प्रौढ रुग्णांचा एक मोठा अभ्यास आला. त्यात निम्म्यांना ऑपरेशनऐवजी अँटिबायोटिक दिलं होतं, आणि त्यांतल्या 29 टक्क्यांना 90 दिवसांच्या आत ऑपरेशन लागलं. म्हणजे बऱ्याच जणांचं औषधावर निभावलं. पण तिथं निदान पक्कं झालेलं होतं आणि बिघडलं तर लगेच हात घालायला सर्जन होता. तुमच्याकडे सोनोग्राफीसुद्धा झाली नव्हती. उणीव तिथं होती, आणि ती त्या डॉक्टरांच्या हातात कितपत होती हे तुम्हीच जाणता.

आता तिसऱ्या दिवसाची सकाळ. ही गोष्ट सगळ्याच वाचकांनी ध्यानात ठेवावी. अपेंडिक्स फुटतं तेव्हा आतला ताण सुटतो आणि दुखणं काही तास खरोखर कमी होऊ शकतं. माणूस उठून बसतो, चहा मागतो. घरचे म्हणतात, औषध लागू पडलं. नंतर पू पसरू लागला की ताप येतो, उलट्या होतात, पोट लाकडासारखं कडक होतं. वय झालेल्या माणसांत तर सुरुवातीची लक्षणंही पुसट असतात, ताप फारसा येत नाही, दुखतं कुठं हे नीट सांगता येत नाही. सासूबाईंनी चहा घेतला तेव्हा तुम्हाला हायसं वाटलं, याला निष्काळजीपणा म्हणत नाहीत.

मग रुग्णालयांची दारं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं मे 2020मध्येच स्पष्ट लिहिलं होतं की चाचणी झाली नाही म्हणून कोणतीही तातडीची प्रक्रिया, अगदी बाळंतपणसुद्धा, लांबवू नये. आणि तातडीच्या रुग्णाला आधी उपचार द्यायचे, मग रुग्णालय सरकारी असो की खासगी, हे सर्वोच्च न्यायालयानं 1989मध्येच सांगून ठेवलं आहे. ‘आधी रिपोर्ट आणा’ म्हणून गाडी परत फिरवणं तेव्हाही नियमात बसत नव्हतं. याचा तुम्ही पत्रात साधा राग म्हणूनही उल्लेख करत नाही. सगळा राग स्वतःवर. (नणंदबाईंच्या मनात कोर्टाचा विचार आहे म्हणता. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची असते. कोविडमुळं न्यायालयानं वाढवून दिलेला काळ धरला तरी ती उलटून गेली आहे. उशीर माफ करून घेता येतो, पण त्याला सबळ कारण लागतं. मी असते तर तेवढीच ताकद सासूबाईंच्या पुढच्या उपचारावर लावली असती.)

पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलं आहे की सासूबाई स्वतःही म्हणत होत्या, ‘कुठं नेऊ नका, छाटणीची माणसं यायचीत.’ ताई, ही ओळ पत्राच्या सुरुवातीला हवी होती. द्राक्षबागेच्या खरड छाटणीचे दिवस, मजूर मिळेनात, बाग अंगावर आलेली. निर्णय तुम्ही दोघींनी मिळून घेतला होता. त्यांचा वाटा तुम्ही स्वतःच्या खात्यावर लिहून टाकला आहे. त्यांना दोष द्या असं मी म्हणत नाही. मोठ्या माणसानं स्वतःच्या पोटाबद्दल काही ठरवलं होतं, एवढं तरी त्यांच्याकडून काढून घेऊ नका.

नणंदबाईंकडे जरा वेगळ्या नजरेनं बघा. त्या कराडला होत्या. मध्ये सातारा-सांगलीची हद्द, नाक्यावर पोलीस, हातात पास नाही. आईचं पोट उघडलं त्या रात्री त्यांना फोन धरून बसण्यापलीकडे काही करता आलं नाही. असं हात बांधलेलं दुःख माणसाला सहन होत नाही, ते कुणावर तरी काढावं लागतं, आणि आपल्या घरांत त्यासाठी सून सगळ्यात जवळ सापडते. हे समजून घ्या, पण चार माणसांत ऐकून घेत राहा असंही मी सांगणार नाही. एकदा त्यांना एकटीला गाठून सांगा, ‘ताई, थांबू या असं मी म्हणाले होते, ते मी नाकारत नाही. भीतीनं म्हणाले. तुम्हाला येता आलं नाही याचं तुम्हाला किती लागलं असेल हे मला कळतं. आता आईंच्या हर्नियाचं बघायचं आहे आणि त्यात मला तुमची गरज आहे.’ एवढंच. पाया पडणं नको, खुलासे नकोत.

आणि यजमानांचं गप्प बसणं मला पटत नाही. बहीण त्यांची, आई त्यांची. ‘त्या वेळी मी पुण्यात होतो, फोनवर मीही थांबा म्हणालो होतो’ हे वाक्य बहिणीसमोर त्यांच्या तोंडून यायला हवं. तुम्ही पत्रात फोनचा उल्लेख केला आहे म्हणून म्हणते. त्यांना हे पत्र वाचायला द्या.

आता सासूबाई.

त्या ऑपरेशनला घाबरतात असं तुम्ही धरून चालला आहात. तसं त्यांनी म्हटल्याचं पत्रात कुठंही नाही. त्या त्या दाराबद्दल बोलतात. त्या दाराच्या आत त्यांचं काय झालं, हे कुणी विचारलंय का? सबंध आयुष्यात घरचं माणूस जवळ नसताना एक रात्र न काढलेली बाई. आजूबाजूला नखशिखान्त झाकलेली माणसं, नर्स कोण आणि झाडणारी कोण हे कळेना. पोटाला नळ्या, आणि बेडपॅन परक्या पुरुषाकडे मागायचं. नातेवाईक आत येऊ शकत नाहीत, फोन लागत नाही, आपण जगतोय हे घरी कळलंय का तेही ठाऊक नाही. शेजारची खाट एका सकाळी रिकामी होते आणि का ते कुणी सांगत नाही. त्या दिवसांत वॉर्डात राहिलेल्या कितीतरी बायकांनी मला सांगितलं की टाक्यांपेक्षा हे जास्त दुखलं. बाहेर झाडाखाली डबा घेऊन बसलेल्या माणसांचे निरोप आत पोचवणं हे तेव्हा माझं निम्मं काम होतं. म्हणून सांगते, हा नकार हट्टाचा नसेल.

तेव्हा आग्रह करण्याआधी विचारा. दोघी मिळून भाजी निवडत असाल, शेंगा फोडत असाल तेव्हा. समोरासमोर बसून नको. ‘आई, तेव्हा आत काय काय झालं ते तुम्ही कधी सांगितलंच नाही.’ मग गप्प राहा. उत्तर एका दिवसात येणार नाही. आलं की त्यावर ‘आता तसं नसतं’ असं लगेच म्हणू नका. आधी पुरतं ऐका. रडल्या तर रडू द्या. मला वाटतं तुमच्या दोघींमध्ये त्या मे महिन्याबद्दल एकही सरळ वाक्य आजवर झालेलं नाही. कदाचित त्या तुम्हाला दोष देतही नसतील. तेही त्यांच्याकडूनच कळेल.

त्यानंतर त्यांना सर्जनकडे न्या, पण फक्त भेटायला, ॲडमिट करायला नाही. तसा शब्द द्या आणि पाळा. जमल्यास दुसऱ्या रुग्णालयात. जुनं डिस्चार्ज कार्ड बरोबर घ्या. हरवलं असेल तर त्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज द्या. कागद तीन वर्षं ठेवणं डॉक्टरांना बंधनकारक असतं आणि तो काळ सरला आहे, तरी पुष्कळ ठिकाणी जुने कागद सापडतात. सर्जनला सासूबाईंच्या समोरच विचारा: न केल्यास काय होईल? छेद मोठा की दुर्बिणीतून? भूल कोणती? किती दिवस राहावं लागेल? रात्री जवळ कोण थांबू शकेल? आयसीयूत ठेवावं लागलं तर भेटू देता का, किती वेळ? शेवटचे दोन प्रश्न तुमच्यासाठी किरकोळ असतील, त्यांचा होकार किंवा नकार त्यावरच ठरेल. वॉर्ड दाखवायची विनंती करा. बऱ्याच ठिकाणी दाखवतात.

पहिल्या प्रश्नाबद्दल थोडं. लहान, न दुखणारा हर्निया काही रुग्णांत नुसता लक्ष ठेवून सांभाळतात, आणि वय, साखर, हृदय बघून एखादा सर्जन तसं सुचवेलही. पट्ट्यानं आधार मिळतो, हर्निया बरा होत नाही. तुमच्या सासूबाईंचा वाढतो आहे आणि दुखू लागला आहे, त्यामुळं पारडं करून घेण्याकडे झुकतं. आतडं त्यात अडकलं तर रात्री-अपरात्री पुन्हा तेच: घाई, गाडी, मिळेल ते रुग्णालय, मिळेल तो डॉक्टर. दिवस ठरवून केलेल्या ऑपरेशनला आपण माणसं निवडतो, रुग्णालय निवडतो, साखर आटोक्यात आणून जातो. ज्याची त्यांना भीती आहे ते टाळायचा हाच मार्ग आहे. हे त्यांना या शब्दांत सांगा.

तयारीत एक गोष्ट कुणी बोलत नाही: मिश्री. आपल्याकडच्या त्या वयाच्या किती बायका दिवसातून चारदा मिश्री लावतात, आणि डॉक्टरनं ‘तंबाखू खाता का’ विचारलं की ‘नाही’ म्हणतात. मिश्री तंबाखूच आहे. तिच्यामुळं रक्तवाहिन्या आवळतात, जखम सावकाश भरते, टाके पिकतात. लावत असतील तर निदान महिनाभर आधी सुटायला हवी. जुना खोकला आणि बद्धकोष्ठता यांवरही आधी उपचार करा, कारण दोन्हींमुळं टाक्यांवर ताण येतो.

वेळेचं म्हणाल, तर ‘द्राक्षं गेली की बघू’ हे दरवर्षीचं उत्तर असणार. खरड छाटणी उरकल्यापासून ऑक्टोबर छाटणीपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात सोयीचा. पुढं काही आठवडे त्यांना कळशी उचलायची नाही, क्रेटला हात लावायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या चौथ्या दिवशी बागेत दिसतील.

पैशाची चिंता तुम्ही लिहिलेली नाही, पण बऱ्याच वाचकांना असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे, वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत. कोणतं ऑपरेशन कुठल्या रुग्णालयात त्यात बसतं हे तिथल्या आरोग्यमित्राला (रुग्णालयात बसणारा योजनेचा माणूस) आधी विचारा, किंवा 155388 वर फोन करा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर असू द्या.

ऑपरेशन होईपर्यंत हे लिहून फ्रिजवर चिकटवा. फुगा आडवं झाल्यावरही आत जात नाही, कडक झाला, रंग बदलला, सतत दुखतोय, उलट्या होताहेत, वारा सरत नाही किंवा शौचाला होत नाही, यातलं काहीही दिसलं की सकाळची वाट बघायची नाही, 108ला फोन करायचा. फुगा जोर लावून आत ढकलायचा नाही. तोंडानं काही द्यायचं नाही, चहासुद्धा नाही. कुठल्याही मोठ्या पोटदुखीत एरंडेल किंवा जुलाबाचं औषध देऊ नका, आणि गोळीनं दुखणं दबलं म्हणून घरी थांबू नका. पुन्हा कधी साथ आली, निर्बंध आले, तरी यातलं काही बदलत नाही. टाळेबंदीतही वैद्यकीय कारणासाठी बाहेर पडायला मुभा होती. अडवलं तर फोनवर डॉक्टरांना नाक्यावरच्या पोलिसाशी बोलू द्या. रुग्णालय रिपोर्ट मागून परत पाठवू लागलं तर ‘तातडीचा रुग्ण आहे, चाचणी इथंच करा आणि उपचार सुरू करा, नाहीतर घेत नाही हे लिहून द्या’ असं म्हणा. लिहून द्यायची वेळ आली की बहुतेक ठिकाणी सूर बदलतो.

आणि एवढं सगळं करूनही सासूबाई नाही म्हणाल्या, तर ते त्यांचं उत्तर म्हणून घ्या. सर्जनचं ऐकून, समजून त्यांनी ठरवलेलं असेल, तर त्याचं ओझं तुमच्या खांद्यावर नाही. रागावू नका, बोलणं तोडू नका. तेवढ्यात जवळच्या कोणत्या रुग्णालयात रात्री सर्जन असतो, भूलतज्ज्ञ असतो, याची चौकशी करून ठेवा, नंबर त्यांच्या आणि शेजाऱ्यांच्याही फोनमध्ये घाला. मग ऑक्टोबर छाटणीच्या आधी पुन्हा एकदा विचारा, आणि त्या वेळी नणंदबाईंना कराडहून बोलावून घ्या.